अर्धा शमुवेल

लेखमाला : शब्बाथशाळेचा फळा (लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण वचनं पाठ करून घेण्याविषयी बोललो. आजचा विषय त्याला लागूनच आहे, पण अवघड आहे. मंडळीतल्या पुढाऱ्यांवर प्रेम करावं, त्यांचं ऐकावं, हे मुलांना शिकवायचं कसं?

पाठ सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वर्षातून एकदा तरी तो येतोच. पाळकसाहेबांचं ऐका, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, त्यांना मान द्या. फळ्यावर दोन-तीन वाक्यं, रंगवायला एक चित्र आणि शेवटी सुवर्णवचन. वचन बहुधा इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं, सतरावं. लहान गटाला ते लांब पडतं, म्हणून शिक्षिका पहिला तुकडाच घेतात : पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, त्यांच्या अधीन असा. त्याच वचनात पुढे म्हटलं आहे की हे पुढारी तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्याचा हिशेब त्यांना द्यावा लागणार आहे. हा हिशेबाचा भाग मात्र फळ्यावर येत नाही. मुलाने ऐकायचं एवढं मुलाला कळतं. पुढाऱ्यालाही कुणीतरी जाब विचारणार आहे, हे कळत नाही.

वचनाचं जे होतं तेच गोष्टीचंही होतं. या पाठाची ठरलेली गोष्ट म्हणजे बाळ शमुवेलाची. शिलोचं मंदिर, रात्रीची वेळ, देवाचा दिवा अजून विझलेला नाही. हाक येते, पोरगं उठून म्हाताऱ्या एलीकडे धावतं. एली म्हणतो, मी नाही बोलावलं, जा झोप. असं तीनदा. मग एलीच्या ध्यानात येतं की हाक कुणाची आहे, आणि काय उत्तर द्यायचं ते तो मुलाला शिकवतो. फ्लॅनेलच्या फळ्यावर चिकटवायच्या चित्रांत शमुवेल नेहमी गुडघे टेकून, हात जोडून बसलेला असतो. मुलांना ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात अंधार आहे, हाक आहे आणि आपल्याएवढा मुलगा आहे. ऐकायला तयार आहे असं शमुवेलाने देवाला सांगितलं की शिक्षिका पुस्तक मिटतात. तात्पर्य : मोठ्यांचं ऐकलं की देवाचं ऐकू येतं.

आपण दहाव्या वचनापाशी थांबतो. अकराव्यापासून त्या मुलाला जे ऐकावं लागतं ते भयंकर आहे. एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास याजक होते. लोकांनी यज्ञासाठी आणलेलं मांस ते कच्चंच मागत, नाही दिलं तर जबरदस्तीने नेत. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. बापाच्या कानावर सगळं आलं होतं, आणि त्याने तोंडदेखलं रागावण्यापलीकडे काही केलं नव्हतं. या घराण्याचा आता न्याय होणार, हा निरोप देवाने एलीनेच वाढवलेल्या मुलाच्या कानी घातला.

शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला. उठला, मंदिराची दारं उघडली, आणि एलीला सांगायला घाबरला. दारं उघडल्याचा हा बारकावा मला त्या अख्ख्या अध्यायात सर्वांत खरा वाटतो. मोठ्यांचं वाईट गुपित कळलेलं मूल सकाळी उठून हेच करतं. रोजचं काम गुपचूप करत राहतं.

पुढे एली त्याला जवळ बोलावतो, 'माझ्या मुला' म्हणतो, काही लपवू नकोस म्हणून शपथ घालतो. शमुवेल सगळं सांगतो, काही राखून ठेवत नाही. एली चिडत नाही, पोराला गप्प करत नाही. हे परमेश्वराचंच बोलणं आहे, त्याला बरं वाटेल ते तो करो, असं म्हणून निकाल मान्य करतो. पुढाऱ्यावर प्रेम करण्याचा धडा द्यायचाच असेल तर तो इथे आहे. एली बाप म्हणून कमी पडला, पण या मुलाचा गुरू म्हणून उभा राहिला. शमुवेल त्याच्या हाकेला रात्री तीनदा धावला आणि सकाळी त्याला कटू सत्यही त्यानेच सांगितलं. ही दोन्ही कामं एकाच मुलाची. आपण मात्र अर्ध्या शमुवेलावर पाठ संपवतो.

यावर शिक्षिका म्हणतात, एवढ्याशा मुलांना हे कसलं सांगायचं? पाच वर्षांच्या मुलाला हफनी-फिनहासची सगळी कर्मं सांगायची गरज नाहीच. एली चुकला होता आणि शमुवेलाने ते त्याला सांगितलं, एवढं वाक्य पुरतं. बाकीचं बारा वर्षांच्या गटाला सांगता येतं. ती मुलं यापेक्षा वाईट बातम्या रोज मोबाइलवर पाहतात.

हे अर्धं शिकवणं मराठी मंडळ्यांनी काढलेलं नाही. शब्बाथशाळेच्या पाळण्यातच ते होतं. इंग्लंडमध्ये १७८० च्या सुमारास ग्लॉस्टरचे वर्तमानपत्रकार रॉबर्ट रेक्स यांनी या शाळांना चळवळीचं रूप दिलं. आठवडाभर कामावर जाणाऱ्या गरीब मुलांना रविवारी वाचायला शिकवणं हा त्यांचा हेतू होता, आणि तो चांगलाच होता. पण काही वर्षांनी मेंडिप टेकड्यांच्या भागात शाळा काढणाऱ्या हॅना मोर बाईंनी गरिबांच्या मुलांना वाचायला शिकवलं, लिहायला नाही. बायबल वाचता आलं म्हणजे झालं, लेखणी हाती घेऊन करायचंय काय, असा हिशेब. अँग्लिकन प्रश्नोत्तरीत तर मुलाकडून म्हणवून घेतलं जाई की मी राज्यकर्ते, शिक्षक, पाळक आणि मालक या सगळ्यांच्या अधीन राहीन. पाळक आणि मालक एकाच यादीत! तो घाट मिशनच्या शाळांबरोबर आपल्याकडे आला तेव्हा कुणाला परका वाटला नाही. मोठ्यांना उलट बोलू नये, हे आपल्या घरांत आधीपासून होतंच.

अशा शिकवणीचं पुढे काय होतं, ते जर्मनीत दिसलं. तिथला एक वर्ग मला प्रत्येक शब्बाथशाळा शिक्षकाला दाखवावासा वाटतो.

१९३१ सालच्या हिवाळ्यात बर्लिनच्या झायन चर्चमध्ये दृढीकरणाचा वर्ग होता. कामगारवस्तीतली पन्नासेक पोरं. वयोवृद्ध पाळकांना ती आवरेनात. वर्ग वरच्या मजल्यावर होता, आणि जिना चढून येणाऱ्या पाळकांच्या अंगावर पोरं वरून कचरा टाकत. तिथे डिट्रिच बोनहॉफर हा पंचविशीतला तरुण आला. पोरांनी त्याच्या नावाचा पहिला तुकडा ओरडून ओरडून इमारत डोक्यावर घेतली. हा भिंतीला टेकून, खिशात हात घालून उभा राहिला. ओरडला नाही, कुणाला दम दिला नाही. थोड्या वेळाने अगदी हलक्या आवाजात, पुढच्या दोन-चार पोरांनाच ऐकू जाईल असं, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीयांविषयी बोलू लागला. तो नुकताच तिकडे शिकून आला होता. मागच्यांना ऐकू येईना, म्हणून तेच गप्प झाले. लक्ष दिलंत तर पुढच्या वेळी आणखी सांगेन, म्हणाला.

पुढे त्याने त्याच वस्तीत खोली भाड्याने घेतली. मुलांनी संध्याकाळी केव्हाही यावं, न विचारता यावं. कुणी बुद्धिबळ खेळे, कुणी इंग्रजी शिके. सुट्टीच्या दिवशी तो त्यांना शहराबाहेर घेऊन जाई. मार्च १९३२ मध्ये दृढीकरणाचा दिवस आला तेव्हा पोरांकडे धड कपडे नव्हते. त्याने कापडाचा तागा आणला आणि प्रत्येकाला सुटापुरतं कापड दिलं. ही मुलं त्याचं ऐकत होती, पण 'पुढाऱ्याचं ऐका' हा पाठ त्याने घेतल्याची नोंद कुठे नाही.

आता पुढचं वर्ष बघा. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. १ फेब्रुवारीला बर्लिन रेडिओवर याच बोनहॉफरचं भाषण होतं, तरुण पिढी आणि तिची पुढाऱ्याविषयीची कल्पना या विषयावर. सार असं : अनुयायांना स्वतःच्या पलीकडे बोट दाखवतो तो खरा पुढारी, स्वतःची मूर्ती होऊ देतो तो वाट चुकवणारा. भाषण संपण्याआधीच प्रक्षेपण तुटलं. मुद्दाम तोडलं की वेळ संपली, याचा वाद अजून आहे. डिसेंबरमध्ये मात्र कसलाच वाद उरला नाही. मंडळीचे राइश-बिशप लुडविग म्युलर यांनी करारावर सही केली आणि प्रॉटेस्टंट युवक संघटना हिटलरच्या युवक दलात सामील करून टाकल्या. सही करणारे बिशप होते, मंडळीचेच पुढारी. त्या दिवशी नुसतं ऐकायला शिकलेल्या मुलाने काय करायचं होतं?

आपल्याकडे एवढं टोक गाठलेलं नाही, देवाची कृपा. आपला रोग साधा आहे. रविवारी दहा वाजता वर्गात मूल शिकतं की पाळकसाहेब देवमाणूस आहेत. एक वाजता जेवणाच्या ताटावर तेच मूल ऐकतं की पाळकांचं भाषण लांबलं, ते अमक्याच्या बाजूचे आहेत, कमिटीच्या निवडणुकीत त्यांनी कुणाला हाताशी धरलं, मिशनच्या जागेच्या केसमध्ये कोण कुणाला मिळालं आहे. दुसऱ्या रविवारी हीच घरची माणसं हात जोडून 'जय ख्रिस्त, साहेब' म्हणतात. मुलं मूर्ख नसतात. तोंडावर मान द्यायचा आणि मागे खरडपट्टी काढायची, हा धडा ती दोन्ही ठिकाणांहून मिळून शिकतात. शमुवेलाने याच्या बरोबर उलट केलं. तो बाहेर कुजबुजला नाही. जे होतं ते ज्याचं त्याला सांगितलं.

मराठी मुलांना हे दाखवायला जवळचं माणूस हवं असेल तर पंडिता रमाबाई आहेत. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या पत्रांत 'आजीबाई' म्हणत. माया खरी होती. पण त्याच पत्रांत रमाबाई धर्ममतांवर त्यांच्याशी कडाडून वाद घालतात. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का हवीत, संस्कृत का चालू नये, असं विचारतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आले ती दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायला नव्हे, असं स्वच्छ बजावतात. केडगावचं मुक्ती मिशन आणि मूळ भाषांवरून केलेलं अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर, ही या 'उलट बोलणाऱ्या' बाईची कामं. आपल्या शब्बाथशाळांत रमाबाईंचं चित्र लावतात. ही पत्रं कुणी सांगत नाही.

एक गोष्ट मात्र मोठं झाल्यावर कळेल म्हणून सोडता येत नाही. मंडळीतला कुणीही मोठा माणूस, पाळक असो, शिक्षक असो, गाण्याचे सर असोत, नको तिथे हात लावत असेल किंवा 'हे घरी सांगू नकोस' म्हणत असेल, तर त्याचं ऐकायचं नाही आणि घरी लगेच सांगायचं. हे वाक्य 'पुढाऱ्यांचं ऐका' याच पाठात, त्याच दिवशी यायला हवं. वेगळ्या पाठासाठी ठेवलं तर मुलाच्या डोक्यात पहिलंच पक्कं बसतं. मोठ्यांसाठी कायदाही स्पष्ट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मंडळीची बदनामी नको' ही सबब त्यात बसत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहून ठेवा.

मग प्रेम शिकवायचं कसं? माझं मत असं की ते पाठाने कमी आणि ओळखीने जास्त येतं. पाळकसाहेबांना वर्गात बोलवा, पण भाषणाला नाही. सतरंजीवर बसवा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. मी पाहिलेल्या एका वर्गात सात वर्षांच्या मुलीने विचारलं, "तुम्ही प्रार्थना करता करता कधी झोपता का?" पाळक म्हणाले, "झोपतो." पुढचे कित्येक रविवार ती पोरगी प्रार्थनेत पाळकसाहेबांना झोप येऊ नये म्हणून मागत होती. पुढाऱ्यासाठी प्रार्थना करा, असं तिला सांगावं लागलं नाही.

आणि पुढारी म्हणजे एकटे पाळकच नव्हेत, हेही मुलांनाच सांगू द्या. विचारून पाहा. पाळकसाहेब आणि बिशपसाहेब ही नावं आधी येतील. मग घंटा वाजवणारे काका, आजारी माणसांकडे जाणाऱ्या बायबलबाई, आणि हमखास 'ज्यांच्याकडे चर्चच्या किल्ल्या असतात ते'. ही यादी पाठ्यपुस्तकातल्या यादीपेक्षा चांगली असते.

शमुवेलाची गोष्ट घेणार असाल तर दोन रविवार घ्या. पहिल्या रविवारी तिसरा अध्याय, पुरता, अठराव्या वचनापर्यंत. दुसऱ्या रविवारी बारावा. तोवर शमुवेल म्हातारा झाला आहे. त्याचे स्वतःचे मुलगे लाच खाऊ लागले होते आणि लोकांनी ते त्याला तोंडावर सांगितलं होतं. तो सगळ्या लोकांपुढे उभा राहतो आणि विचारतो की मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणावर जुलूम केला, कुणाकडून लाच घेतली? असेल तर सांगा, मी भरून देतो. लहानपणी पुढाऱ्याला खरं सांगितलेला मुलगा पुढारी झाल्यावर स्वतःचा हिशेब असा चारचौघांत मांडतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या रविवारी हा पाठ असेल तर दहाव्या वचनापाशी पुस्तक मिटू नका. पुढच्या आठवड्यात : नाताळच्या नाटकात देवदूत कुणाला करायचं, यावरून होणारी भांडणं.