दिल्लीच्या दिवाणखान्यात ओंजळभर समुद्र

महागडी यंत्रे नकोत. टाकीतला एक छोटा कप्पा, थोडे शेवाळ आणि सहा आठवड्यांचा धीर पुरेसा आहे

२००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा क्लाऊन मासा घराघरातल्या मुलांच्या ओळखीचा झाला. मग हट्ट सुरू झाला, ‘बाबा, मला निमो हवा!’ एखाद्या रविवारी बाबा बाजारातून काचेची पेटी, मिठाचे पाकीट आणि दोन मासे घेऊन येतात. संध्याकाळभर घरात उत्सव असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि आठवडा संपण्याच्या आत तळाशी आडवे होतात. ‘का मेला?’ या मुलाच्या प्रश्नाला घरात कुणाकडेच उत्तर नसते.

उत्तर साधे आहे. मासा आपल्याच मलमूत्रातल्या अमोनियाने मेला. समुद्रात तो अमोनिया पचवणारे जिवाणू आणि वनस्पती असतात. नव्या पेटीत त्यांतले काहीच नव्हते. ही उणीव भरून काढली, तर दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्रामच्या दोन खोल्यांच्या घरातही समुद्राचा तुकडा वर्षानुवर्षे नांदू शकतो, आणि तोही कमी खर्चात.

समुद्र दूर, अडचणी जवळ

मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी लहानपणी पाहिले आहे, त्यांना खाऱ्या पाण्यातल्या माशांचे रंग वेगळे सांगायला नकोत. पण तिथे समोरच अरबी समुद्र होता. दिल्ली मुंबईपासून रेल्वेने जवळजवळ १,४०० किलोमीटर दूर. इथे समुद्राचे पाणी नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरचे पाणी जड. त्यात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, जानेवारीत पाच अंशांखाली उतरतो, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. प्रवाळखडकांतल्या माशांना मात्र वर्षभर २४ ते २७ अंशांचे पाणी हवे.

लंडनमधला एक घरगुती प्रयोग

समुद्रापासून दूर राहून समुद्र पाळण्याची ही हौस जुनी आहे. १८४६ साली इंग्लंडमधल्या अ‍ॅना थिन या गृहिणीने टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावाहून काही जिवंत प्रवाळ लंडनच्या घरी आणले आणि काचेच्या भांड्यांत ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. पुढच्या वर्षी बाईंनी भांड्यांत समुद्री वनस्पती सोडल्या आणि प्रवाळ तगले, वाढले. १९६१ साली इंडोनेशियाच्या ली चिन एंग यांनी, यंत्रांऐवजी जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांवर खाऱ्या पाण्याची टाकी कशी चालते ते लिहून दाखवले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास शेवाळाच्या आधारे आख्खा प्रवाळखडक काचेआड जगवला. तिघांची वाट एकच होती. पाणी स्वच्छ ठेवायचे काम वनस्पती आणि सूक्ष्म जीवांवर सोपवायचे.

आसरा म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला रेफ्युजियम म्हणतात, त्याला मराठीत ‘आसरा’ म्हणायला हरकत नाही. पाण्याच्या देवतांना आपल्याकडे साती आसरा म्हणतातच. टाकीच्या एका बाजूला काचेची भिंत घालून वेगळा केलेला हा कप्पा. त्यात माशांना प्रवेश नाही. तिथे कीटोमॉर्फा नावाचे हिरवे शेवाळ वाढवतात. दिसायला ते भांडी घासायच्या तारेच्या गुंडाळीसारखे असते.

या कप्प्याची कामे तीन. पहिले, माशांच्या विष्ठेतून शेवटी तयार होणारे नायट्रेट आणि फॉस्फेट हे शेवाळ खाऊन वाढते. दर दोन-तीन आठवड्यांनी निम्मे शेवाळ हाताने काढून टाकले की टाकीतली तेवढी घाण घराबाहेर गेली. दुसरे, मोहरीहून लहान असे कोपेपॉडसारखे जीव त्या गुंत्यात निर्धास्त वाढतात. त्यांतले काही पाण्याबरोबर मोठ्या कप्प्यात जातात आणि माशांना ताजा खाऊ मिळतो. तिसरे, मुख्य टाकीतला दिवा मालवल्यावर रात्री या कप्प्यातला दिवा लावायचा. रात्री पाण्यात साठणारा कार्बन डायऑक्साइड शेवाळ शोषून घेते आणि प्राणवायू सोडते, त्यामुळे पहाटे माशांचा जीव कासावीस होत नाही.

टाकी कशी करून घ्यावी?

तयार विदेशी टाकी महाग पडते. काच कापणाऱ्या चांगल्या कारागिराकडून ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी टाकी दहा मिलिमीटर जाडीच्या काचेत करून घ्यावी. लांबीचे तीन भाग पाडावेत: ६३ सेंटीमीटर माशांसाठी, १८ आसऱ्यासाठी आणि ९ पंपासाठी.

पहिली भिंत ४० सेंटीमीटर उंच असावी आणि तिच्या वरच्या कडेला कंगव्यासारख्या खाचा असाव्यात. पाणी त्यांतून आसऱ्यात सांडते, मासे सांडत नाहीत. दुसरी भिंत तीन सेंटीमीटर कमी उंच. तिच्यावर प्लास्टिकची जाळी. तिथून पाणी पंपाच्या कप्प्यात पडते आणि पंप ते पुन्हा माशांकडे फेकतो. पंपाच्या कप्प्यात पाणी नेहमी निम्म्याच्या आसपास ठेवावे. वीज गेली की मुख्य टाकीतले पाणी खाचांपर्यंत उतरते. एक सेंटीमीटर उतरले तरी ते जवळजवळ तीन लिटर होते, आणि त्याला कुठेतरी जागा हवी. नाहीतर सकाळी सतरंजीवर समुद्र! पंपाच्या नळीचे तोंडही पाण्याच्या पृष्ठभागालगत ठेवावे, म्हणजे उलटे पाणी ओढले जात नाही.

सिलिकॉन बुरशीनाशक नसलेले, साधे मागावे. बुरशी मारणारे द्रव्य माशांनाही मारते. ते पुरते वाळू द्यावे आणि टाकी गच्चीत दोन दिवस साध्या पाण्याने भरून गळते का ते पाहावे. भरलेल्या टाकीचे वजन दोनशे किलोच्या वर जाते. तेव्हा लोखंडी अँगलचे स्टँड, त्यावर जाड प्लायवुड आणि थर्मोकोल. आणि जागा भिंतीलगत, बाल्कनीत नव्हे.

मीठ म्हणजे नुसते मीठ नव्हे

स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात साध्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेटही ठरावीक प्रमाणात असते. मत्स्यालयासाठीचे तयार मिश्रणच घ्यावे. लिटरला सुमारे ३६ ग्रॅम धरले, तर खडक-वाळू वजा जाता उरणाऱ्या १४० लिटर पाण्याला पाच किलोभर मीठ लागते. मीठ पाण्यात घालून रात्रभर पंपाने ढवळावे आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ आले की मगच वापरावे.

पाणी आरओचेच हवे. पण घरच्या आरओ यंत्रात चवीसाठी थोडे मूळ पाणी मिसळणारा झडपेचा भाग असतो. तो बंद करावा लागतो. काही यंत्रे पाण्यात तांबे सोडतात. आपल्याला ते गुणकारी वाटते, पण कोळंबी, खेकडे आणि गोगलगायी यांना तांबे म्हणजे विष. म्हणून हे पाणी तांब्याच्या घागरीत किंवा कळशीत साठवू नये.

एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. उडून जाते ते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोज कमी झालेले पाणी भरताना गोडे आरओचे पाणी घालावे, खारे नव्हे. पंपाच्या कप्प्यावर रंगाची खूण करून ठेवली तर शाळकरी मूलही हे काम करू शकते.

सहा आठवडे रिकामी टाकी

खरी परीक्षा इथे आहे. पाणी तयार झाले, खडक मांडले, तरी मासे आणायचे नाहीत. बाजारातून एक कोळंबी आणून ती टाकीत टाकावी. ती कुजू लागली की अमोनिया वाढतो. मग तो खाणारे जिवाणू वाढतात आणि नायट्राइट तयार होते, तेही विषारीच. त्यानंतर नायट्राइट खाणारे जिवाणू येतात आणि तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट उरते. या साखळीला चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या जाणत्या छांदिष्टाच्या टाकीतली मूठभर वाळू मिळाली तर काम लवकर होते. तपासणीच्या संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले आणि नायट्रेट दिसू लागले, की आसऱ्यात शेवाळ सोडावे. त्यानंतर दोन-तीन गोगलगायी, आणि आणखी दोन आठवड्यांनी मासे.

मुलांसाठी हा काळ कंटाळ्याचा असतो. वहीत रोजचे आकडे लिहून आलेख काढायला सांगावे. ज्याने ती रेघ वर चढताना आणि उतरताना पाहिली, त्याला पहिला मासा का मेला हे समजावून सांगावे लागत नाही.

कुणाला आणावे, कुणाला आणू नये

जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. दुकानात कुणी गुपचूप देऊ केले तरी घेऊ नये. तो गुन्हा आहे, आणि समुद्रातून तोडलेला प्रवाळ पुन्हा वाढायला अनेक वर्षे लागतात. प्रवाळी खडकाऐवजी सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा भाजलेल्या मातीचे, झिलई नसलेले तुकडे रचावेत. वाळूही दिल्लीच्या बांधकामावरची ‘बदरपूर’ नको. धुतलेला शिंपल्यांचा चुरा चांगला.

मासे पकडलेले नव्हेत, पैदास केलेलेच मागावेत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊन माशांची पैदास करण्याचे तंत्र विकसित केले आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही अशी हॅचरी उभी राहिली. हौदात जन्मलेला मासा दाणे खायला शिकलेला असतो आणि टाकीत सहज रुळतो. या आकाराच्या टाकीत क्लाऊनची एक जोडी आणि एखादा छोटा गोबी एवढेच पुरे. या कुळाची गंमत अशी की सगळे नर म्हणून जन्मतात. जोडीतला थोराड मासा मादी होतो आणि घरावर तिचेच राज्य चालते.

मे, जुलै आणि जानेवारी

मे महिन्यात पाण्यावर छोटा पंखा रोखावा. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंशांनी उतरते. माठाचे तेच तत्त्व. मात्र पाणी रोज लिटर-दोन लिटर उडते, ते भरावेच लागते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पंखा हात टेकतो. तेव्हा खोलीत एअर कंडिशनर नसेल, तर हा छंद दिल्लीत धरू नये, हे आधीच ओळखलेले बरे. जानेवारीत दीडशे वॅटचा हीटर पुरतो.

खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी प्राणवायू धरते आणि तापले की आणखी कमी. म्हणून वीज गेल्यावर चालणारा बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असायलाच हवा. डासांच्या दिवसांत त्या खोलीत फवारा मारू नये. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. टाकीच्या लाइनवर गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा.

पैसा कुठे वाचवावा?

काच, मीठ, क्षारता मोजायचे रिफ्रॅक्टोमीटर आणि तपासणीचा संच यांत काटकसर करू नये. आसऱ्यावर मात्र पांढऱ्या प्रकाशाचा साधा दहा वॅटचा एलईडी दिवा पुरतो; दहा तास जळला तरी महिन्याला तीन युनिट. पंधरा वॅटचा पंप अखंड चालून महिन्याला अकरा युनिट घेतो. एवढ्या कमी माशांना फेस काढणारे महागडे यंत्र लागत नाही. आसरा नसेल, तर दर आठवड्याला चौदा लिटर पाणी बदलावे लागते, म्हणजे महिन्याला दोन किलो मीठ. शेवाळ जोमाने वाढत असेल, तर पंधरा दिवसांनी बदलले तरी चालते आणि मिठाचा खर्च निम्म्यावर येतो.

रात्री घरातले दिवे मालवले की आसऱ्याचा दिवा लागतो. मुलाने काचेला नाक लावून पाहिले, तर हिरव्या गुंत्यात पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसतात. निमो पलीकडे कोपऱ्यात झोपलेला असतो, आणि सकाळी दाण्यांसाठी तो काचेशी येतो.