पगार कलदार की हाली?

मराठवाड्यातील जुन्या घरांत तसबिरीतल्या फेटेवाल्या पुरुषाविषयी विचारपूस केली असता ‘ते लढाईवर गेले होते’ एवढे एकच वाक्य बहुधा हाती लागते. लढाई कोणती, पलटण कोणाची आणि चाकरी कोणत्या सरकारची, याविषयी तिसऱ्या पिढीला सहसा काही सांगता येत नाही. पुण्या-साताऱ्याकडे हा शोध त्या मानाने सरळ असतो, कारण तेथील शिपायाचा धनी एकच होता. निजामाच्या राज्यातील माणूस मात्र इंग्रजांच्या फौजेत, निजामाच्या स्वतःच्या फौजेत, पुढे आझाद हिंद सेनेत किंवा अखेरच्या पर्वात निजामाविरुद्धच्या सशस्त्र लढ्यात, यांपैकी कोठेही सापडू शकतो. आणि प्रत्येक ठिकाणचे दप्तर निराळ्या गावी, निराळ्या भाषेत व निराळ्या कालगणनेत पडलेले आहे. अशा शोधात एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती ही की माणूस लढला त्या ठिकाणी त्याची नोंद क्वचितच उरते. ती उरते त्याचा हिशेब ज्या कचेरीत लिहिला जात होता तेथे.

म्हणून उमरी, धर्माबाद, भोकर या बाजूच्या घरांत पहिला प्रश्न विचारावा तो पगाराचा: पैसे कलदार येत की हाली? हैदराबाद संस्थानाचे चलन ‘हाली शिक्का’ आणि इंग्रजी रुपया ‘कलदार’. सात हाली रुपयांस सहा कलदार असा सर्वसाधारण भाव चाले. आजीच्या बोलण्यात ‘कलदाराची पेन्शन’ आली असेल, तर पूर्वज इंग्रजांच्या फौजेत असावा. ‘हाली पगार’ आला असेल, तर तो बहुधा निजाम सरकारचा नोकर समजावा.

कलदाराची वाट आपल्याला अगदी शेजारी, हिंगोलीला घेऊन जाते. हिंगोली व मोमिनाबाद, म्हणजे अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. या फौजेचा खर्च निजामाचा, अधिकारी व हुकूम मात्र इंग्रजांचे, अशी तिची विलक्षण व्यवस्था होती. आणि तो खर्च थकत गेल्यामुळेच १८५३ साली वऱ्हाडचा मुलूख निजामाला इंग्रजांच्या हवाली करावा लागला. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन होऊन तिच्या पायदळ पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले, १९२२ साली या पलटणींतूनच १९वी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली आणि १९४५ साली तिलाच ‘कुमाऊं रेजिमेंट’ हे नाव देण्यात आले. परिणामी ज्याच्या पूर्वजाचा कागद ‘९७ डेक्कन इन्फंट्री’ असे सांगतो, त्याला दख्खनच्या त्या पलटणीची वंशावळ हिमालयाच्या पायथ्याशी, राणीखेतच्या रेजिमेंट केंद्रात शोधावी लागते. मात्र या पलटणींत उत्तरेकडील शिपायांचाही मोठा भरणा असे, आणि मराठवाड्यातील तरुण मराठा किंवा १९४१ साली बेळगावी उभारलेल्या महार रेजिमेंटमध्येही भरती होत. त्यांच्यासाठी अनुक्रमे बेळगाव व मध्यप्रदेशातील सागर ही ठिकाणे आहेत.

हालीची वाट निजामाच्या फौजेकडे जाते. पहिल्या महायुद्धात हैदराबादचे इंपीरियल सर्व्हिस लान्सर्स हे घोडदळ इजिप्तला रवाना झाले, सुवेझच्या कालव्यावर पहाऱ्यास राहिले आणि पुढे ज्या ब्रिगेडने २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर घेतले त्या ब्रिगेडचा भाग होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातील तीन पुतळे जोधपूर, म्हैसूर व हैदराबाद या तीन संस्थानांच्या स्वारांचे आहेत. दुसऱ्या महायुद्धात संस्थानाची पहिली हैदराबाद इन्फंट्री मलायातील कोटा बारू येथील विमानतळाच्या संरक्षणास होती, आणि ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौजा उतरल्या त्या नेमक्या त्याच किनाऱ्यावर. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, हजारो हिंदी सैनिक युद्धकैदी झाले आणि त्यांतील अनेक जण पुढे आझाद हिंद सेनेत गेले. अशा माणसाचा माग घेण्यास दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार गाठावे.

घरात पदक असेल तर ते प्रथम कडेवर वाचावे. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या दर्शनी बाजूस पाचव्या जॉर्जचा मुखवटा असतो, तो सर्वांना सारखाच. परंतु जाड कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते, आणि भिंगाखाली ही चार अंगे जुळली म्हणजे अर्धे काम झाले असे समजावे. धातूही साक्ष देतो: लढवय्या शिपायास ब्रिटिश युद्धपदक चांदीचे मिळे, तर मजूर तुकडीतील वा बाजारबुणग्यांतील माणसास तेच पदक काशाचे मिळे. पणजोबांचे पदक काशाचे निघाले म्हणून कोणी हिरमुसू नये. भिस्ती, खेचरवाले आणि मजूर यांच्यावाचून मेसोपोटेमियातील एकही पलटण एक मजल पुढे सरकली नसती. पूर्वज परतलाच नसेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत शोध घ्यावा. त्यांत पुष्कळ ठिकाणी बापाचे नाव व गाव दिलेले असते. नावाचे इंग्रजी स्पेलिंग भरती कारकुनाच्या कानावर अवलंबून असल्यामुळे एकच नाव चार-पाच तऱ्हांनी शोधण्याची तयारी ठेवावी.

निजामी कागदांना दोन कुलुपे आहेत, एक लिपीचे आणि दुसरे सनाचे. सरकारी कारभार उर्दूत चाले, गावपातळीवर मोडीही आढळते, आणि वर्ष फसली असते. फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन येतो. मात्र वर्षारंभ ऑक्टोबरातील आजूर महिन्यापासून असल्यामुळे जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचे वर्ष. मुक्तिसंग्रामाचा सर्वांत दाहक काळ या एकाच सनात सामावलेला आहे.

त्या काळाकडे वळले की कलदार आणि हाली हा भेदच निरर्थक ठरतो, कारण या लढाईतील शिपायास पगारच नव्हता. ७ ऑगस्ट १९४७ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा अखेरचा लढा सुरू झाला. रझाकार या निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र स्वयंसेवकांचा उपद्रव वाढला तसे तरुण सरहद्द ओलांडून वऱ्हाडात, सोलापुराकडे व नगरकडे गेले आणि तेथील छावण्यांतून निजामाच्या नाक्यांवर व ठाण्यांवर चालून येऊ लागले. काचीगुडा-मनमाड लोहमार्गावरील उमरी हे व्यापारी गाव. तेथील हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर ३० जानेवारी १९४८ रोजी छावणीतील तरुणांनी छापा घातला आणि लाखो रुपयांची रक्कम लढ्यासाठी नेली. त्याच सायंकाळी दिल्लीत महात्माजींची हत्या झाल्यामुळे देशाचे लक्ष या पराक्रमाकडे जाणे शक्यच नव्हते. परंतु मराठवाड्याच्या स्मरणात उमरीची बँक राहिली आहे ती लुटीमुळे जितकी, तितकीच लुटीनंतरच्या चोखपणामुळे: त्या रकमेच्या खर्चाचा हिशेब ठेवला गेला आणि मुक्तीनंतर तो सादरही करण्यात आला.

अशा पूर्वजाचा माग काढणाऱ्याने तुरुंगाच्या नोंदी, स्वातंत्र्यसैनिकांचे शासकीय चरित्रकोश आणि १९७२ सालापासून सुरू झालेल्या सन्मान निवृत्तिवेतनाची प्रकरणे पाहावीत. निवृत्तिवेतनाच्या फायलीत अर्जदाराची हकीकत, सहकाऱ्यांची शपथपत्रे आणि छावणीचे नाव मिळते. पण डोळस राहावे. बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. उलट असेही अनेक जण होऊन गेले की ज्यांनी भाकरी पोचविली, हत्यारे दडविली, आणि अर्ज करणे कमीपणाचे मानून आयुष्यभर एका कागदावरही सही केली नाही. त्यांच्यापुरता गावातील वृद्धांचा शब्द हाच पुरावा, आणि तो तारीख, सांगणाराचे नाव व नाते यांसह आजच लिहून ठेवला पाहिजे.

कुलवृत्तांत लिहिणाराचा हात अशा वेळी सैल सुटतो. शिपायाचा सुभेदार होतो, निरोप्याचा सेनानी होतो. हा मोह आवरावा. कागदावर आहे ते कागदाच्या नावाने, ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून लिहावे, आणि जेथे काही सापडले नाही ती जागा मोकळी सोडावी. ज्या माणसांनी भर धामधुमीत निजामाच्या बँकेतून आणलेल्या पैशाचाही हिशेब दिला, त्यांच्या वंशजांनी त्यांच्या पराक्रमाचा हिशेब वाढवून लिहू नये.