गाडी मिसिंग करतेय? कॉईल बदलण्याआधी ती काम कशी करते ते बघा

कार गॅरेज टाकायचं ठरवलंय ना? मग ही तक्रार पहिल्याच महिन्यात येणार: "गाडी मिसिंग करतेय, पिकअप नाही, चेक इंजिनचा दिवा लागलाय." बरेच जण लगेच म्हणतात, कॉईल गेली, आणि नवीन बसवतात. कधी ते बरोबर निघतं. कधी गिऱ्हाईक आठ दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतं. पार्टवाला तर बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट सहसा परत घेत नाही. मग नुकसान कोणाचं? तुमचंच.

म्हणून आधी कॉईल समजून घ्या. बॅटरी देते १२ व्होल्ट. पण स्पार्क प्लगच्या टोकाशी साधारण एक मिलिमीटरची फट असते, आणि तिथे दाबलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण असतं. ती फट ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात. ते काम कॉईलचं.

कॉईलमध्ये लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वाइंडिंग असतात. एक जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, साधारण शंभरपट वेढ्यांचं. जाड तारेतून काही मिलिसेकंद करंट सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. आणि आता गंमत बघा, ठिणगी करंट चालू असताना पडत नाही, तो तोडल्यावर पडते! जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइप धाडकन हादरतो ना, तसंच काहीसं. चुंबकीय क्षेत्र क्षणात कोसळतं आणि बारीक वाइंडिंगमध्ये २०,००० व्होल्टच्या वर दाब तयार होऊ शकतो. इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक सिलिंडरसाठी हे सेकंदाला २५ वेळा घडतं.

पूर्वी एकच कॉईल असायची आणि डिस्ट्रिब्युटर करंट वाटून द्यायचा. आता बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉईल असते, काहींत एक कॉईल दोन सिलिंडर सांभाळते. (डिझेलवाल्यांनी हा भाग सोडून द्या, तिथे स्पार्कच नाही.)

वेगळ्या कॉईल असणं तुमच्या फायद्याचं आहे. समजा स्कॅनरवर पी ०३०२ आला, म्हणजे दुसरा सिलिंडर मिस करतोय. इंजिन बंद करा, दोन आणि तीन नंबरच्या कॉईल आपसात बदला, कोड पुसा, गाडी फिरवा. कोड पी ०३०३ झाला तर दोष कॉईलबरोबर गेला, बदला ती. पी ०३०२ च राहिला तर कॉईलला हात लावू नका. प्लग, मग वायरिंग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघा. एक रुपयाचाही पार्ट न घेता एवढं कळतं. मल्टिमीटरवर मात्र फार विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक्स आतच असलेली कॉईल त्याने नीट तपासता येत नाही, आणि थंड असताना बरोबर दाखवणारी कॉईल गरम झाल्यावर दगा देते. चालू गाडीची वायर ओढून ठिणगी बघायची जुनी सवय तर सोडाच. शॉक बसतो, शिवाय कॉईलही जाऊ शकते.

सीएनजी गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून "पेट्रोलवर छान, गॅसवर झटके" असं ऐकलं की आधी प्लगचा गॅप मोजा. प्लग झिजला की फट वाढते, कॉईलला जास्त जोर लावावा लागतो आणि तिचं इन्सुलेशन आतून फुटतं. अशा वेळी जुन्याच प्लगवर नवी कॉईल बसवली तर तीही लवकर जाणार. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलंय का तेही बघा. त्याने कॉईलचं रबर फुगतं.

या तपासणीचे पैसे घ्या. गाडी आत घेतानाच सांगा, "चेकिंगचे इतके, काम इथेच केलं तर बिलातून वजा." आणि बदललेली कॉईल गिऱ्हाइकाला दाखवून त्याच्याच डिकीत ठेवा.