यंत्र उसने चालेल, नाव स्वतःचे हवे

वांबोरीच्या उपबाजारातील कांद्याचा भाव, मुळा धरणाच्या २६ टीएमसी साठ्यापैकी आज शिल्लक असलेले पाणी आणि कृषी विद्यापीठाच्या नव्या वाणांचे बियाणे, या तीन गोष्टींची विचारपूस राहुरी तालुक्यात बाराही महिने चाललेली असते. ही माहिती देणारे संकेतस्थळ एखाद्या होतकरू तरुणाने अथवा शेतकरी उत्पादक कंपनीने स्वतःच्या सर्व्हरवर उभारण्याचे मनात आणले, तर आज भांडवलावाचून त्याचे अडणार नाही. मात्र जे फुकट मिळते त्यांपैकी काय निःशंकपणे घ्यावे आणि कशासाठी पदरचे पैसे मोजावेत, याचा विवेक त्याने आरंभीच केला पाहिजे.

क्लाउड सर्व्हर म्हणजे दूरच्या शहरातील प्रचंड संगणकाचा भाड्याने घेतलेला एक हिस्सा होय. एकाच यंत्राची सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक आभासी यंत्रे करावयाची आणि ती तासांच्या हिशेबाने गिऱ्हाईकास द्यावयाची, हा व्यवहार ॲमेझॉनने २००६ साली सुरू केला व २०१६ मध्ये मुंबईत आणला. ओरॅकल कंपनीने २०१९ साली लहान यंत्रे कायम मोफत देण्याची योजना जाहीर केली असून, तिची भारतातील केंद्रे मुंबई व हैदराबाद येथे आहेत. नोंदणीच्या वेळी ओळख पटविण्यासाठी बँकेचे कार्ड मागितले जाते. शिवाय मोफत यंत्र सात दिवस जवळजवळ निष्क्रिय राहिले, तर ते परत घेण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे.

यंत्र निवडताना त्यावर बहुधा उबंटू ही लिनक्स प्रणाली घेतात. त्याच वेळी किल्ल्यांची एक जोडी तयार होते; तिच्यातील सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर राहते, तर खाजगी किल्लीची फाइल आपण आपल्या संगणकावर उतरवून घ्यावयाची असते. ही फाइल गहाळ झाली तर आपल्याच यंत्रात प्रवेश करणे दुर्घट होते आणि परक्याच्या हाती पडली तर सर्वस्व त्याच्या स्वाधीन होते, म्हणून दस्तऐवजाइतक्या काळजीने ती जपावी.

नवशिक्यांची खरी फजिती याच्या पुढे होते. संकेतस्थळाची पाने वाचकास पुरविणारे एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर बसविले, सर्व आज्ञा निर्विघ्न पार पडल्या, तरीही ब्राउझरमधील पान नुसते फिरत राहते. कारण ८० व ४४३ या क्रमांकांची प्रवेशद्वारे, ज्यांना पोर्ट म्हणतात, बंदच असतात. ओरॅकलच्या उबंटू यंत्रावर असे पहारे दोन असतात. एक कंपनीच्या नियंत्रणपटावर आणि दुसरा खुद्द यंत्राच्या आत. दोहोंकडे परवानगी नोंदविल्याशिवाय बाहेरचा वाचक आत येऊ शकत नाही. याउलट, व्यवस्थापनासाठी लागणारे २२ क्रमांकाचे पोर्ट शक्यतो आपल्याच पत्त्यापुरते खुले ठेवावे.

सर्व्हरला आकडी पत्ता यंत्र तयार होतानाच लाभलेला असतो. या जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच असू शकतात आणि ते मनुष्याच्या ध्यानात राहत नाहीत. पूर्वी नावे व पत्ते यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधनसंस्थेत ठेवलेली असे व प्रत्येक संगणकास तिची नक्कल आणावी लागे. तो व्याप आवरेना, तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएस ही विकेंद्रित नोंदव्यवस्था सिद्ध केली. तिच्यात आपल्या नावापुढे ‘ए’ प्रकारची एक ओळ लिहून सर्व्हरचा पत्ता भरला, की काम झाले. उद्या यंत्र बदलले तर त्या ओळीतील आकडे तेवढे बदलावेत. काही मिनिटांत, फार तर काही तासांत, वाचक नव्या जागी पोहोचतो आणि स्थलांतराची त्यास वार्ताही नसते.

म्हणूनच नावाची मालकी यंत्राहून महत्त्वाची ठरते. न्यूझीलंडच्या अधीन असलेल्या तोकेलाऊ या तीन प्रवाळद्वीपांच्या प्रदेशाचे ‘.टीके’ हा प्रत्यय लावून फ्रीनॉम ही डच कंपनी वर्षानुवर्षे फुकट नावे वाटत असे. परंतु त्यांची मालकी करारान्वये कंपनीकडेच राही. फसवणूक करणाऱ्यांनी या नावांचा अतोनात गैरवापर केला, २०२३ साली मेटाने अमेरिकेत दावा लावला, नवी नोंदणी थांबली आणि २०२४ च्या आरंभी कंपनीने या धंद्यातून अंग काढून घेतले. शेत कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसले, तर पीक कितीही जोमदार असो, बांधावरून उठविले जाण्याचे भय सुटत नाही. फुकट नावाचेही तसेच आहे. डकडीएनएससारख्या सेवा आपल्या नावाखाली उपनाव विनामूल्य देतात, ते शिकण्यासाठी व चाचणीसाठी उत्तम. पण वहिवाट त्यांच्या मर्जीवर.

राहुरीच्या विद्यापीठाच्या नावामागे असलेला ‘.एसी.इन’ हा प्रत्यय शिक्षणसंस्थांसाठी राखीव आहे. सर्वसामान्यांसाठी मात्र ‘.इन’ २००५ पासून, तर देवनागरीतील ‘.भारत’ २०१४ पासून उपलब्ध आहे. त्यांचे वार्षिक शुल्क माफक असते व ते मुदतीत भरले की नाव आपल्याकडे राहते. सुरक्षिततेचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था विनामूल्य देते. त्याची मुदत अल्प असल्याने सर्टबॉट या सॉफ्टवेअरकरवी आपोआप नूतनीकरणाची तजवीज करून ठेवावी. तात्पर्य, यंत्र फुकटचे घ्यावे, प्रमाणपत्र फुकटचे घ्यावे. मजकुराची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवावी आणि नावासाठी तेवढे पैसे मोजण्यास मागेपुढे पाहू नये.