उतारावरची सायकल : समजुती आणि वस्तुस्थिती

खारघरच्या टेकडीवर फणसवाडीकडे चढणाऱ्या रस्त्याला सुट्टीच्या सकाळी सायकलवाल्यांची वर्दळ असते. त्यातल्या काही पोरांना आता डांबर पुरत नाही, त्यांना मुरमाच्या, दगडांच्या उतारावरून घड्याळ लावून खाली यायचं असतं. डाउनहिल शर्यत ती हीच. एकेकाने सुटायचं आणि कमीत कमी वेळात तळ गाठायचा. मग परवडणाऱ्या सायकलीचा शोध सुरू होतो आणि ऐकीव सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातले काही सल्ले हाडं मोडणारे आहेत, म्हणून हे लिहिणं.

‘डबल शॉकर घेतली की झालं’

नाही. पंधरा-वीस हजारांच्या डबल शॉकर सायकलीत मागे बहुधा नुसती स्प्रिंग असते. तिला आवर घालणारं तेलाचं डँपिंग नसतं. दगडावर आदळल्यावर स्प्रिंग दबते आणि जवळपास त्याच जोराने सायकल वर फेकते, टायर जमीन सोडतो, आणि नेमका त्याच क्षणी ब्रेक हवा असतो. खऱ्या डाउनहिल सायकलीत पुढची-मागची चाकं साधारण २०० मिलिमीटर वर-खाली होतात, पुढचा फोर्क हँडलखालच्या नळीच्या, म्हणजे हेडट्यूबच्या, वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी पकडलेला असतो आणि हायड्रॉलिक ब्रेकच्या डिस्कही २०० मिलिमीटरच्या आसपास असतात. सायकलीसोबतची पुस्तिका सहसा कुणी उघडत नाही, पण उत्तर तिथेच सापडतं. अमेरिकेच्या एएसटीएम मानकात सायकलींचे वापरानुसार वर्ग ठरवलेले आहेत आणि पुस्तिकेत बहुधा तो वर्ग दिलेला असतो. तिसऱ्या वर्गातली सायकल ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उडीसाठी असते, चौथ्यातली १२२ सेंटिमीटरपर्यंतच्या. डाउनहिल पाचव्या वर्गात येते. पुस्तिकेत ‘उड्या मारू नका’ असं छापलेलं असेल तर ते शब्दशः घ्या.

‘रेस करायची तर कार्बनच हवं’

अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम म्हणजे गरिबाची तडजोड, असं अनेकांना वाटतं. फ्रान्सच्या आमोरी पियेराँने २०१८ची डाउनहिल विश्वचषक मालिका जिंकली आणि मिरियम निकोल २०१९ साली जगज्जेती झाली. दोघेही कोमन्साल या अँडोरातल्या कंपनीच्या अ‍ॅल्युमिनियम सायकलींवर होते. कार्बनने वजन वाचतं, हे खरं. पण उतारावर किलोभराच्या फरकापेक्षा टायरची पकड आणि सस्पेन्शनची जुळणी जास्त कामाला येते. शिवाय आपल्याकडचा बेसॉल्ट धारदार आहे. दगड लागला की अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बनमधली इजा आत लपून राहू शकते. हौशी स्पर्धकाला दिसणारं नुकसान केव्हाही बरं.

‘अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, म्हणजे जन्माची चिंता मिटली’

सगळ्यात घातक समजूत ही. अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत जिथे पोलादी बोल्ट त्याला भिडतो तिथे पांढरी भुकटी धरते आणि सीटपोस्ट फ्रेममध्ये असा अडकतो की हलता हलत नाही. ग्रीस लावून ठेवणं हाच उपाय.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे थकवा. पोलादावरचा ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला तर ते कितीही हेलकावे सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, छोटे धक्केही खात्यावर जमा होत राहतात. तडा बहुधा वेल्डिंगच्या कडेला सुरू होतो, म्हणजे हेडट्यूबपाशी, पेडल जिथे फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटभोवती किंवा मागच्या स्विंगआर्मच्या सांध्यावर. चिखल धुतल्यावर तिथे बोट फिरवा, टॉर्च मारा. रंगावर केसाएवढी रेघ दिसली तर सायकल बाजूला ठेवा.

आणि ती फ्रेम कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेऊ नका. ६०६१ या मिश्रधातूची ताकद उष्णता-प्रक्रियेतून येते. वेल्डिंगनंतर अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंशांवर तापवून, झटक्यात थंड करून, पुन्हा मंद आचेवर काही तास ठेवावी लागते. नुसता टाका मारला तर सांध्याजवळचा धातू मऊ पडतो.

‘खाली तर यायचंय, दम कशाला?’

२०१५ साली लिओगांगच्या विश्वचषक फेरीत डाउनहिल स्पर्धक एरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली. तरी तो जिंकला, कारण त्याने वेग कुठे राखायचा हे अचूक जोखलं होतं. पण ती काही मिनिटं पेडलवर उभं राहून काढताना मांड्या आणि मनगटं पेटतात. तयारी लागतेच.

आता पैशांचं. अ‍ॅल्युमिनियमच्या खऱ्या डाउनहिल सायकली परदेशातच अडीच-तीन लाखांच्या आसपास सुरू होतात. आयात सायकलींवरचं सीमाशुल्क २०२३च्या अर्थसंकल्पात ३० टक्क्यांवरून ३५ टक्के झालं होतं, आयातीच्या करांचा भार वेगळा. शिवाय खारघरला वर नेणारी लिफ्ट नाही. सोळा-सतरा किलोचं धूड रेटत चढण्यात सकाळ संपते. म्हणून माझं मत असं, की पहिली दोन वर्षं फक्त पुढे १२०-१४० मिलिमीटरचा चांगला फोर्क असलेली अ‍ॅल्युमिनियम हार्डटेल घ्यावी, रुंद टायर आणि हायड्रॉलिक ब्रेक लावावेत, आणि फुल-फेस हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड यांचे पैसे सायकलीच्या आधी बाजूला काढावेत. वाटा कोरड्या असताना निवडाव्यात. शेवाळलेल्या कातळावर कुठलाच टायर धरत नाही. वळणापलीकडून पाड्यावरची माणसं डोक्यावर ओझं घेऊन येत असतात, तेव्हा तिथे वेग आधीच कमी केलेला असावा.