गारपिटीनंतर सेंद्रिय प्रमाणपत्राचे काय?

अचलपूर : गारपीट किंवा अतिवृष्टी झाली की गावात पंचनामे सुरू होतात आणि सरकारी मदत किती मिळणार याची चर्चा रंगते. ज्या शेतकऱ्याकडे सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र आहे, त्याला त्याच वेळी आणखी एक चिंता ग्रासते. प्रमाणन संस्थेच्या पुढच्या तपासणीत आपले प्रमाणपत्र टिकेल काय? पिकाचे नुकसान एका हंगामाचे असते. प्रमाणपत्र रद्द झाल्यास मात्र दोन-तीन वर्षांची मेहनत वाया जाते. म्हणूनच आपत्तीनंतरची तपासणी कशी होते आणि तिला सामोरे कसे जावे, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला अचलपूर तालुका संत्रा आणि कापसासाठी ओळखला जातो. फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेल्या गारपिटीचा फटका अमरावती जिल्ह्यालाही बसला. या काळात मृग बहाराची फळे झाडावर असतात आणि आंबिया बहाराचा फुलोराही आलेला असतो. त्यामुळे एकाच तडाख्यात दोन्ही बहार हातचे जाण्याची भीती असते. २०२५ च्या पावसाळ्यातील अतिवृष्टीनंतर तर राज्य सरकारला ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. दुसरीकडे, शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी २०१८ मध्ये अकोल्यातून सुरू झालेले डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन २०२३ मध्ये राज्यभर विस्तारण्याचा निर्णय झाला. विषमुक्त शेतीकडे वळणारे शेतकरी आणि वारंवार येणाऱ्या आपत्ती यांची गाठ आता नेहमीच पडणार आहे.

तीन वर्षांची प्रतीक्षा

भारतात निर्यातक्षम सेंद्रिय मालासाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे निकष लागू आहेत. हा कार्यक्रम २००१ पासून वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतो आणि त्याचे कामकाज ‘अपेडा’ पाहते. कापूस, तूर यांसारख्या हंगामी पिकांसाठी किमान दोन वर्षे आणि संत्र्यासारख्या बहुवर्षायू पिकांसाठी किमान तीन वर्षे रासायनिक खते व कीटकनाशकांविना शेती केल्यानंतरच माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येतो. या काळाला रूपांतरणाचा काळ म्हणतात. लहान शेतकऱ्यांसाठी गटाने प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. गटाचे स्वतःचे निरीक्षक सभासदांची शेते तपासतात. त्यानंतर प्रमाणन संस्थेचा निरीक्षक नोंदी पाहून काही शेतांची प्रत्यक्ष पडताळणी करतो. गटाची अंतर्गत व्यवस्थाच ढिसाळ आढळली, तर एकाची चूक साऱ्यांच्या अंगाशी येऊ शकते.

घाईचे दोन निर्णय

आपत्तीनंतर प्रमाणपत्राला खरा धोका असतो तो पहिल्या काही दिवसांतील घाईच्या निर्णयांमुळे. पहिला निर्णय फवारणीचा. गारांनी संत्र्याची साल सोलली गेली, फांद्या मोडल्या की जखमांतून बुरशी शिरते. पाणी साचलेल्या बागेत मूळकूज आणि डिंक्या बळावतो, फळगळ वाढते. कृषी सेवा केंद्रात अशा वेळी आंतरप्रवाही बुरशीनाशक सुचविले जाते. सेंद्रिय बागेत ते निषिद्ध आहे आणि एका फवारणीने रूपांतरणाचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजण्याची वेळ येऊ शकते. त्याऐवजी साचलेले पाणी चर खोदून काढणे, मोडलेल्या फांद्या छाटणे, ट्रायकोडर्माचा वापर करणे हे मार्ग आहेत. बोर्डो मिश्रणालाही मर्यादित प्रमाणात वाव आहे. मात्र त्यासाठी प्रमाणन संस्थेची संमती घेऊन वापराची नोंद ठेवावी लागते.

दुसरा निर्णय दुबार पेरणीचा. पहिली पेरणी वाहून गेल्यावर बाजारात चटकन मिळते ते बीटी कपाशीचे किंवा रासायनिक बीजप्रक्रिया केलेले बियाणे. जनुकीय बदल केलेले बियाणे सेंद्रिय शेतीत मुळीच चालत नाही. सेंद्रिय बियाणे मिळत नसल्यास प्रक्रिया न केलेले साधे बियाणे परवानगीने वापरता येते. मदत म्हणून फुकट मिळालेल्या बियाण्यालाही हाच नियम लागू पडतो. त्यामुळे पिशवीवरचे लेबल आणि खरेदीची पावती जपून ठेवणे आवश्यक आहे.

उत्पादन घटले, नोंदही घटली पाहिजे

प्रमाणपत्रात प्रत्येक शेताचे क्षेत्र व अंदाजित उत्पादन नोंदलेले असते आणि त्यावरूनच विक्रीची मर्यादा ठरते. आपत्तीत निम्मे पीक गेले, पण कागदावरचा जुना अंदाज तसाच राहिला, तर त्या फरकात बाहेरचा साधा माल ‘सेंद्रिय’ म्हणून घुसविण्यास वाव मिळतो. ही शंका निराधार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘गॉट्स’ या सेंद्रिय वस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने भारतातील सुमारे २० हजार टन कापसाच्या प्रमाणपत्रांत बनावटगिरी झाल्याचे उघड केले होते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने ‘अपेडा’च्या देखरेखीखालील प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता संपुष्टात आणली. अशा पार्श्वभूमीवर ज्या गटाचे उत्पादन अतिवृष्टीनंतरही घटलेले दिसत नाही, त्याच्याकडे निरीक्षक संशयाने पाहतो. नुकसान लपविण्यापेक्षा ते तातडीने कळविणे शेतकऱ्याच्याच हिताचे आहे.

पंचनामा पुरेसा नाही

महसुली पंचनाम्यात पीक, क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी नोंदली जाते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि कृषी खात्याचे कर्मचारी यांच्या सह्यांचा हा कागद तपासणीत भक्कम पुरावा ठरतो. परंतु सेंद्रिय निकषांचे सारे प्रश्न त्यातून सुटत नाहीत. शेजारच्या रासायनिक शेतातील पाणी आपल्या शेतात शिरले काय, संरक्षक पट्टा किंवा बांध वाहून गेला काय, गोदामातील माल भिजून किंवा दुसऱ्या मालात मिसळून गेला काय, याची नोंद शेतकऱ्याने किंवा गटाने स्वतः ठेवायची असते. तारखेसह छायाचित्रे, शेताच्या नकाशावर पाणी शिरल्याची खूण आणि प्रमाणन संस्थेला पाठविलेले पत्र, एवढी तयारी असली तरी बरेच काम भागते. दूषित होण्याची शंका असल्यास निरीक्षक माती किंवा मालाचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. रस्ते बंद असल्यास तपासणीची तारीख पुढे ढकलण्याची विनंती करता येते. तीही लेखी आणि ठरलेल्या तारखेआधी करावी.

सवलत कशात, कशात नाही

अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत अवर्षण, पूर, वादळ, गारपीट अशा आपत्तींत तात्पुरती सवलत देण्याची तरतूद आहे. मात्र निषिद्ध पदार्थ वापरण्यास या सवलतीतून मुभा मिळत नाही, असे तेथे स्पष्ट केले आहे. युरोपीय संघातही सरकारने आपत्ती अधिकृतपणे मान्य केल्यावर ठरावीक मुदतीपुरती सूट मिळते. कार्यपद्धतीत लवचीकता असावी, पण ग्राहकाला दिलेल्या हमीत तडजोड नको, असे हे सूत्र आहे.

पुण्या-मुंबईच्या दुकानात ‘सेंद्रिय’ संत्र्यासाठी चार पैसे जादा मोजणारा ग्राहक याच हमीची किंमत देत असतो. ती जपण्याचा सारा भार गारपिटीने खचलेल्या एकट्या कास्तकारावर टाकणे न्याय्य नाही. पंचनाम्यासाठी बांधावर येणाऱ्या कृषी कर्मचाऱ्याने शेत प्रमाणित आहे काय एवढे विचारले, तालुका पातळीवर प्रक्रिया न केलेल्या बियाण्याचा थोडा साठा राखून ठेवला गेला आणि गटांनी पावसाळ्यापूर्वीच आपत्तीत काय करायचे याची यादी सभासदांच्या हाती दिली, तर अनेक प्रमाणपत्रे वाचतील.