अजून खाली… पण किती?

‘मॅडम, अजून खाली! अजून… अहो, एवढंच?’

सकाळचे सात. समोर भिंतभर आरसा, खांद्यावर नुसता वीस किलोचा बार, स्पीकरवर कुठलंतरी ढिंगच्यॅक पंजाबी गाणं. आणि आरशात मी! बसता बसता कुणीतरी मागून खुर्ची ओढून घ्यावी, अशा पोझमध्ये. शेजारी माझी मैत्रीण. उंची पाच फूट एक इंच. माझ्यानंतर तीन आठवड्यांनी जिमला आलेली, पण पाठ ताठ ठेवून लिफ्टसारखी सरळ खाली जायची आणि सरळ वर यायची. चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. मैत्री टिकली हेच नशीब.

मी पाच फूट सात. त्यातले बरेचसे इंच मांड्यांत गेलेत, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ट्रेनर सरांचे नियम दोनच. पाठ उभी हवी आणि गुडघे पायाच्या बोटांच्या पुढे जाता कामा नयेत. मी शहाण्या मुलीसारखी दोन्ही पाळत होते. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी बेसिनवर दात घासायला वाकले आणि कंबर धरली. दहा दिवस आडवी. तुमच्याकडे सिक लीव्ह असते हो, फ्रीलान्सरच्या दहा दिवसांचा चेक कोण देणार? वर आईचा डायलॉग होताच, ‘कुणी सांगितलं होतं वजनं उचलायला?’

खरं तर आईनेच सांगितलं होतं, फक्त न बोलता. गेली काही वर्षं गुडघ्यांमुळे ती गणपतीच्या आरतीनंतर खुर्चीत बसते, आणि पंगतीत सगळ्यांच्या मध्ये ती एकटीच उंच दिसते. माझ्या आजीला मात्र मी पंचाहत्तरीतही विळीवर तासभर भाजी चिरताना पाहिलंय. मधल्या पिढीत काय हरवलं, हा प्रश्न डोक्यात घेऊन मी जिमची फी भरली होती. त्यामुळे कंबर धरली तेव्हा दुखण्यापेक्षा भीतीच जास्त वाटली. आपलं शरीर मुळातच बिघडलेलं आहे की काय?

उत्तर मिळालं फिजिओथेरपिस्टकडे. त्यांनी आधी मला नुसतं, वजनाशिवाय, स्क्वॉट करायला लावलं आणि माझ्याच मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढला. मग तो थांबवून म्हणाल्या, ‘तुमची पाठ कमजोर नाही. तुमच्या मांडीचं हाड धडाच्या मानाने लांब आहे. तुम्हाला वाकावंच लागणार.’

हिशेब सोपा आहे. सुताराची घडीची पट्टी डोळ्यांसमोर आणा. तीन तुकडे : पोटरी, मांडी, धड. खांद्यावरचं वजन सगळा वेळ पावलाच्या मध्यावर राहायला हवं, नाहीतर तुम्ही मागे तरी पडाल किंवा तोंडावर तरी. मांडीचा तुकडा जितका लांब, तितका पार्श्वभाग मागे जाणार. मग तोल सांभाळायला धड पुढे झुकणार. माझ्या मैत्रिणीची मांडी आखूड, धड लांब, म्हणून ती लिफ्ट. मी मात्र क्रेन! दोघींचाही स्क्वॉट बरोबरच. इथे नुसती उंची बघून चालत नाही बरं का, प्रमाण बघावं लागतं. उंच माणसाची मांडी आखूड असू शकते आणि बुटक्याची लांब.

आणि तो गुडघ्यांचा नियम? २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी व्यायामाची सवय असलेल्या सात पुरुषांना दोन प्रकारे स्क्वॉट करायला लावले. एकदा मोकळेपणी, एकदा गुडघ्यांसमोर फळी उभी करून, म्हणजे गुडघे बोटांपुढे जाऊच नयेत. फळी लावल्यावर गुडघ्यावरचा ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाला, पण खुब्यावरचा दहा पटींहून जास्त वाढला. वर सगळे जण जास्त वाकले, म्हणजे भार कमरेकडे सरकला. माझ्यासारख्या लांब मांडीवालीला ‘गुडघे मागे, पाठ उभी’ म्हणणं म्हणजे एका हाताने दार लावून दुसऱ्या हाताने उघडायला सांगणं. आपल्या तालमीत बघा ना. पैलवान बैठका मारतो तेव्हा टाचा उचललेल्या असतात आणि गुडघे खुशाल बोटांच्या पुढे जातात.

पूर्ण खाली जायची भीतीही अशीच जुनी. १९६१ मध्ये टेक्सासच्या कार्ल क्लाइन यांनी खोल स्क्वॉटने गुडघ्याचे लिगामेंट्स सैल होतात, असं मांडलं आणि ती गोष्ट कित्येक पिढ्या पुरली. नंतरच्या अभ्यासांत निरोगी गुडघ्यांबाबत ती टिकली नाही. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये ५५ किलो गटात रौप्य मिळवलं. त्यात स्नॅचला ११३ किलो डोक्यावर घेतले, आणि स्नॅच म्हणजे वजन डोक्यावर धरून अगदी तळाशी बसणं! अर्थात तिथे वर्षानुवर्षांची तयारी असते, आपल्यासारखी डेडलाइन आणि वडापावची नाही.

आता तुमचं काय? आधी घोट्यांचं बघा. भिंतीपासून चार इंचांवर अंगठा ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला तर उत्तम. नाही लागला, तर खाली जाताना टाचा उचलणार किंवा तुम्ही मागे लोटांगण घालणार. हिंजवडीत कोडिंग करणारा माझा एक मित्र यातलाच. दिवसभर खुर्ची, रात्री बाइक. रोज हाच भिंतीचा ताण प्रत्येक पायाला दोन मिनिटं, असं तो महिना-दीड महिना करत राहिला आणि टाच जमिनीला टेकली. तोवर टाचांखाली छोट्या प्लेट्स सरकवायच्या. वेटलिफ्टर्सच्या बुटांची टाच पाऊण इंच उंच असते ती काही फॅशन म्हणून नाही.

खुब्याचं प्रकरण वेगळं. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत बसतो ती कुणाची खोल, कुणाची उथळ, कुणाची पुढे तोंड केलेली. हाडाला हाड लागलं की कितीही स्ट्रेचिंग करा, पुढे जाता येत नाही. मग शरीर माकडहाड आत वळवून फसवतं. माझ्या कंबरेचं दुखणं बरंचसं तिथून आलं होतं. घरी तपासायचं तर रांगणाऱ्या बाळासारखे हात-गुडघे टेकवा आणि हळूहळू टाचांकडे मागे सरका. गुडघे जवळ, मग थोडे लांब, मग आणखी लांब. ज्या अंतरावर पाठ गोल न होता सर्वांत मागे जाता येतं, साधारण तेवढ्याच अंतरावर उभं राहून स्क्वॉट करायचा, बोटं थोडी बाहेर वळवून. गुडघे बोटांच्याच दिशेला.

आणि बार लगेच नको. छातीशी एक डंबेल दोन्ही हातांनी धरा, पेला धरतात तसं. हा ‘गॉब्लेट स्क्वॉट’. समोरच्या वजनामुळे तोल सांभाळला जातो आणि धड फार झुकत नाही. मला यानेच तळ सापडला. मुंबईचे बिऱ्हाडकरू जिने चढत-उतरत जे कमावतात, ते मी पुण्यात पैसे देऊन कमावते, असो!

किती खाली? पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत मांडीची खुब्याजवळची वरची बाजू गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेलीच पाहिजे, नाहीतर लिफ्ट बाद. आपण कुठे पदक घ्यायला निघालोय? कंबर जिथपर्यंत आपला आकार धरून ठेवते, तिथपर्यंत. दर महिन्याला एकदा बाजूने व्हिडिओ काढा. सांध्यात कळ येत असेल, पायात मुंग्या येत असतील, तर मात्र व्हिडिओ नको, डॉक्टर गाठा.

सहा महिने झाले. पाय खांद्यांपेक्षा रुंद, टाचांखाली सव्वा-सव्वा किलोच्या दोन प्लेट्स, बारवर एकूण चाळीस किलो. खाली जाते, चांगली वाकते, वर येते. पहिल्या दिवशी सर ओरडलेच, ‘मॅडम, पाठ!’ मी म्हटलं, ‘सर, मांडी लांब आहे.’ त्यांना ते अजिबात पटलं नाही. व्हिडिओ मात्र त्यांनी दोनदा पाहिला. परवा एका सहा फुटी पोराच्या टाचांखाली ते स्वतःच प्लेट सरकवत होते.